तुमची चड्डी लांब आहे

...आणि वर ती बाई मला म्हणते, "काका, तुमची चड्डी लांब आहे." लांब! तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य गेलं, पण कपडा लांब आहे म्हणून मला कुणी हटकलेलं नाही. आखूड आहे म्हणून हटकलंय, उसवलाय म्हणून हटकलंय, शाळेत एकदा मागून फाटलाय म्हणून अख्ख्या वर्गानं हटकलंय, पण लांब? अहो, लांब कपडा म्हणजे सभ्य माणूस, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो की नाही? आणि मी तिथं स्विमिंग पूलच्या काठावर, गुडघ्याखाली येणारी, चांगल्या जाड कापडाची, भरपूर खिशांची चड्डी घालून उभा, खिशात दुकानाच्या किल्ल्या, रुमाल, चष्म्याचं घर... आणि पूलची मॅनेजरबाई माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून सांगतेय, की असलं ढगळ काही घालून पाण्यात उतरायचं नाही, पाणी खराब होतं, घट्ट आणि तोकडी पाहिजे, पाटीवर लिहिलंय. मी पाटी वाचली. खरंच लिहिलं होतं. पण गंमत पुढेच आहे. त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याच्या बाजूनं, नगरपालिकेची वेगळी पाटी, की पोहण्याच्या पोशाखात आवाराबाहेर आढळल्यास दंड होईल! म्हणजे बघा हं, दार एकच. दाराच्या आत लांब कपडा हा गुन्हा आणि दाराच्या बाहेर आखूड कपडा हा गुन्हा. मग माणसानं कपडे बदलायचे कुठे, उंबऱ्यावर? माझं काही म्हणणं नाही! कायदे करणारी माणसं विचार करूनच करत असणार. माझं काही म्हणणं नाही, पण या दोन पाट्या लावणारी माणसं एकदा एका टेबलाशी बसली असती तर काय बिघडलं असतं?

आता तुम्ही म्हणाल, एवढा तोकड्या कपड्यांचा तिटकारा असलेला माणूस तिथं गेला कशाला? गेलो नाही हो, जावं लागलं. आमचं छत्र्यांचं दुकान आहे, पूलच्या बरोबर समोर, मोठ्या रस्त्यावर. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यावर आई बसायला लागली, मग मी. म्हणजे दुकान माझं, पण खुर्ची आईची, असं म्हणा. गिऱ्हाईक आलं की मी छत्री दाखवायची आणि आईनं ती विकायची. माझ्या दाखवण्यानं आजवर एकही छत्री विकली गेलेली नाही, हे तिचं मत आणि दुर्दैवानं गिऱ्हाइकांचंही. तर ही आमची आई, वय सांगू नको म्हणालीय, वरच्या फळीवरची लहान मुलांची छत्री काढायला स्टुलावर चढली. मी होतो ना दुकानात! मला सांगायचं ना! "तुला सांगितलं असतं तर तू पडला असतास," म्हणते. बरं, ती पडली. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, गुडघा नवा बसवला, डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. झालं! बसली खिडकीत. तिथून आमच्या दुकानाची फक्त पाटी दिसते, तीही अर्धी. ती रोज त्या अर्ध्या पाटीकडे बघायची आणि मी संध्याकाळी घरी गेलो की विचारायची, आज कोण आलं, काय घेतलं, तू काय बोललास, आणि तू असं का बोललास.

गुडघा वळेना. घरात काठी घेऊन भिंतीला धरून दोन खोल्या फिरायची आणि घामाघूम होऊन बसायची. शेवटी हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पाण्यात उतरवा. पाण्यात अंगाचं ओझं वाटत नाही, गुडघा मोकळा होईल. आता नाही झाला तर आखडेल तो कायमचा. मग जिना विसरा." जिना विसरा म्हणजे दुकान विसरा. आईचा चेहरा एवढासा झाला. मी डॉक्टरांना हो म्हणून टाकलं. पण त्याच क्षणी, खरं सांगतो, डोक्यात दुसरा विचार आला, की पाण्यात उतरायचं म्हणजे... घालून काय?

मला वाटलं होतं, आई कानावर हात ठेवेल. म्हणेल, इश्श, या वयात? मग मी दोन दिवस समजूत घालेन, ती नाही म्हणेल, आणि आपण दुसरा काहीतरी उपाय शोधू, मालिश वगैरे. कुठलं काय! ती म्हणाली, "कधी जायचं?" मी म्हटलं, आई, तिथं लोक असतात. म्हणाली, "असू देत की, पूल काय आपल्यासाठी बांधलाय?" मी म्हटलं, अगं, तिथं पुरुषही असतात. तर म्हणते, "ते काय करतात?" आता काय करतात! पोहतात! मी म्हटलं, तसं नाही गं, कपडे फार तोकडे असतात तिथले. तेव्हा आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आणि तू रोज सकाळी गॅलरीत उघडाबंब उभा राहून दात घासतोस, तेव्हा हे लोक कुठे जातात?" अहो, गॅलरी वेगळी! ती घरची असते! बायको आतून म्हणाली, "गॅलरी घरची, पण पोट सगळ्या गल्लीचं." माझं काही म्हणणं नाही. दोघी एक झाल्या की माझं काहीही म्हणणं नसतं.

पण आपण आपल्या परीनं प्रयत्न करायचा. गेलो कपड्यांच्या दुकानात. काउंटरवरच्या मुलीला हळू आवाजात म्हटलं, पोहायचे बायकांचे कपडे दाखवा. तिनं काढला. एवढासा! मला वाटलं बाहीच आहे, उरलेला कपडा मागून येतोय. तिनं तो दोन्ही हातांनी ताणला, सगळ्या दुकानासमोर, पतंगासारखा धरला आणि विचारलं, "मॅडमचं माप काय?" आता काय सांगू? कुणासाठी म्हणून सांगू? बायकोसाठी म्हणालो असतो तर बायकोच्या कानावर गेलं असतं, आईसाठी म्हणालो असतो तर... मी म्हटलं, रुमाल दाखवा. रुमाल घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "हा आईंना कसा पुरणार?"

आणि मग मला ती कल्पना सुचली. हसू नका. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी ती कल्पना अतिशय योग्य वाटली होती. दुकानात छत्रीच्या कापडाचा तागा पडून होता. काळं, दाट, पाण्याचा थेंब ठरत नाही असं कापड. मी छत्रीवाला, मशीन माझं, कापड माझं. बसलो आणि आईसाठी पोशाख शिवला, मानेपासून घोट्यापर्यंत. कुठूनही काही दिसायला नको म्हणून मनगटाला, घोट्याला आणि गळ्याला चांगलं घट्ट इलॅस्टिक घातलं. आईनं घालून बघितला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "मी घडी घातलेल्या छत्रीसारखी दिसतेय." पण घातला बरं का. लेकानं शिवलाय म्हणून घातला.

आता तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं. पुढून मी, मागून दुकानाशेजारचा कुलूपवाला, मध्ये खुर्ची, खुर्चीत आई. पोशाखावर रेनकोट, रेनकोटवर शाल, डोक्याला कानटोपी. लख्ख ऊन बाहेर! पहिल्या मजल्यावर दुर्बीणकाकू उभ्याच. काकूंना दुर्बीण म्हणतात ते त्यांच्या चष्म्यामुळे नाही, त्यांना चष्मा नाहीच, गरजच नाही. "काय झालं हो वहिनींना? दवाखान्यात का?" मी म्हटलं, नाही नाही, जरा हवा खायला. आणि आई शालीतून म्हणाली, "पोहायला!" झालं. काकूंची भुवई अशी वर गेली की उतरायचं नाव नाही. "पोहायला? या वयात? तिथं तर म्हणे सगळे... असेच असतात. माझं काही म्हणणं नाही हो, पण लोक बोलतात." आता हे वाक्य काकूंनी माझ्याकडून उचललं की मी काकूंकडून, देवच जाणे.

पूलवर नियम असा, की काठी घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी पाण्यात उतरलंच पाहिजे. बायको पोस्टात, तिची सकाळची पाळी. म्हणजे राहिलो मी! तर मी त्या चार खिशांच्या चड्डीत, आई त्या काळ्या पोशाखात, कठड्याला धरून एकेक पायरी पाण्यात. पहिली पायरी ठीक. दुसरी पायरी ठीक. तिसऱ्या पायरीला काय झालं, की पाणी आत जाईना आणि हवा बाहेर येईना. छत्रीचं कापड हो ते! त्याचं कामच ते! आणि इलॅस्टिक मी लावलेलं, माझ्या हातचं, ते कशाला सैल पडतंय? आई फुगायला लागली. आधी पोट, मग पाठ, मग दोन्ही हात. माझ्या डोळ्यांदेखत आई गोल झाली, पाय तळापासून सुटले आणि ती तरंगत निघाली! मी हात धरायला गेलो, तर कापड निसरडं, हातच ठरेना. पाणी जागच्या जागी, आई इकडून तिकडे, खोल पाण्याच्या दिशेनं, पाठीवर, दोन्ही हात पसरून, छताकडे बघत. शिट्ट्या काय, आरडाओरडा काय! पोहणारी माणसं बाजूला सरून वाट करून देतायत, पोरं टाळ्या वाजवतायत. लाइफगार्डनं लांब बांबू टाकून तिला अलगद काठाला आणली. मला वाटलं घाबरली असेल. तर हसतेय! हसता हसता म्हणाली, "अरे, सगळं छान आहे, पण गुडघा अजून ओला झालेला नाही."

तेव्हा ती मॅनेजरबाई आली. आईच्या पोशाखाकडे बघितलं, माझ्या चड्डीकडे बघितलं, आणि ते ऐतिहासिक वाक्य म्हणाली. वर असंही म्हणाली, की आजींना नीट कॉश्च्युममध्ये आणा, नाहीतर आणू नका. मला राग आला. म्हटलं, बाई, आम्ही सभ्य घरातली माणसं आहोत. ती म्हणाली, "इथे पाण्यात आहेत ती सगळी सभ्य घरातलीच आहेत, काका. फक्त त्यांचे कपडे घट्ट आहेत." माझं काही म्हणणं नाही.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, पूल बंद. आपण मालिश करू. आई काही बोलली नाही. खिडकीत जाऊन बसली, त्या अर्ध्या पाटीकडे तोंड करून. आणि तुम्हाला सांगतो, आई बोलली की मला त्रास होतो, पण आई बोलली नाही की जेवण जात नाही. बायको पोस्टातून आली, तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पर्स परत उचलली आणि गेली. आली ती दोन पुड्या घेऊन. एकीत आईचा कॉश्च्युम, निळा, गुडघ्याच्या बराच वर संपणारा, हात उघडे, पाठही थोडी उघडीच. कुणाला काही विचारलं नाही, माप अंदाजानं सांगितलं, दहा मिनिटांत आली. आणि दुसरी पुडी माझी. उघडली. अहो, घडी घातली की मुठीत मावते! मी म्हटलं, ही कुणाची? म्हणाली, "तुमची." मी म्हटलं, अगं, मी लग्न झालेला माणूस आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे, मी होते ना तिथे."

न्हाणीघराला आतून कडी लावून घालून बघितली. आरशात बघितलं आणि दिवाच घालवला. बाहेरून आई म्हणतेय, "दाखव की." मी म्हटलं, दाखवण्यासारखं काही नाही. म्हणाली, "लहानपणी तर तू एवढंही घालून बसत नव्हतास. सगळ्या जिन्यातून पळायचास आणि मी मागे." आणि मग म्हणाली, "मला जिना उतरायचाय रे. स्वतःच्या पायांनी. तेवढं झालं की तू मला पाहिजे तर पोत्यात घाल." दार उघडलं. बाहेर आलो. दोघी हसल्या, पोटभर हसल्या. हसू देत. खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं.

तर सुरू झालं. रोज सकाळी खुर्ची, कुलूपवाला, शाल, दुर्बीणकाकूंची भुवई, पूल. पहिल्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून पाण्याच्या पार काठापर्यंत गेलो, टॉवेल टाकला आणि धपकन आत. गळ्यापर्यंत पाणी, म्हणजे इज्जत शाबूत! बाहेर निघताना तसंच, आधी हात लांबवून टॉवेल, मग माणूस. आणि आई? आई काठीवर रेलून, त्या निळ्या कॉश्च्युममध्ये, चेंजिंग रूमपासून पायऱ्यांपर्यंत आरामात चालत यायची, वाटेत प्रत्येकाशी बोलत. गुडघ्यावर तो लांबलचक व्रण. मला वाटायचं, सगळं जग बघतंय. मी बघत होतो जग बघतंय का ते, आणि सांगतो तुम्हाला, कुणी बघत नव्हतं हो! जो तो आपापलं पोट आत घेण्यात गुंतलेला. तिथं एक निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या, डोक्याला फुलाफुलांची टोपी, त्यांची आणि आईची गट्टी जमली. त्या आईला विचारायच्या, "दुखतंय?" आई म्हणायची, "दुखतंय." "मग अजून एकदा." दोघी कठडा धरून पाय वर, पाय खाली. मी मध्ये गळ्यापर्यंत बुडालेला. हळूहळू गुडघा वळायला लागला. बाहेर मात्र काठी सुटेना. काठी हातात नसली की आई जागची हलायची नाही. डॉक्टर म्हणायचे, गुडघ्यात आता दोष नाही, भीती आहे. पायऱ्या दिसल्या की ती माझा दंड असा घट्ट धरायची, की वळ उठायचा.

आणि मग तो दिवस उगवला. सकाळची वेळ, पूल भरलेला. अचानक डोळ्यांत झोंबायला लागलं, घशात खवखव. पाण्यात टाकायच्या क्लोरीनचं मागे काहीतरी गळलं होतं. शिट्टी! भोंगा! लाइफगार्ड ओरडतोय, सगळे बाहेर, आत्ताच्या आत्ता, काही घ्यायला थांबू नका, रस्त्यावर चला! आणि मी काय केलं असेल? सांगतो, कारण मलाच अजून खरं वाटत नाही. आई पायऱ्यांपाशी होती, मुख्याध्यापिका तिच्याजवळ होत्या, ठीक आहे. पण मी, तिचा एकुलता एक मुलगा, आईकडे न जाता पळालो कुठे? आईचा टॉवेल शोधायला! वायू गळतोय, माणसं खोकतायत आणि मी खुंट्यांवर शोधतोय, पिवळा टॉवेल, पिवळा टॉवेल... डोक्यात एकच, की आई अशी रस्त्यावर जाणार! लाइफगार्डनं मागून माझी मान धरली आणि दाराबाहेर ढकललं. टॉवेल नाही. आईचाही नाही आणि माझाही नाही.

मोठा रस्ता. ऐन कामावर जायची वेळ. आणि फुटपाथवर आम्ही. पोरं, बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळे पाणी ठिबकवत, मुठीत मावणाऱ्या कपड्यांत. समोरून बस आली ती थांबलीच, आणि आतली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना. आणि मी, मी विजेच्या खांबामागे. खांब बारीक, मी असा. पुढून झाकलं तर दोन्ही बाजूंनी उरतोय! तेवढ्यात चौकातला पोलीस आला धावत. नियमाप्रमाणे आम्ही सगळे गुन्हेगार. पाटी तर आमच्या डोक्यावरच होती. पण दंड करायचा तर माणसाकडे बघायला पाहिजे ना? त्यानं पावती पुस्तक काढलं, मान वर केली, आणि समोर फुलाफुलांची टोपी. "बाई, तुम्ही?" त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका! त्याची नजर जी आभाळाला गेली ती तिथंच. आभाळाकडे बघत म्हणतो, "कृपया... कृपया सगळ्यांनी... काहीतरी घाला." काय घाला? कुठून घाला?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर माझं दुकान! छत्र्या! मी खांब सोडला. तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं टॉवेलशिवाय कधी पाय टाकला नाही, तो माणूस त्या अवतारात भर रस्त्यातून पळाला, बसच्या समोरून. बसनं भोंगा वाजवला. वाजवू दे! शेजारी कुलूपवाल्याकडे ठेवलेली किल्ली घेतली, शटर वर केलं, हाताला येतील तेवढ्या छत्र्या काखेत घेतल्या आणि परत. काळ्या, फुलांच्या, दुमडायच्या, लहान मुलांच्या कार्टूनच्या, एकेकाला वाटत सुटलो. फटाफट छत्र्या उघडल्या. लख्ख ऊन आणि अख्खा फुटपाथ छत्र्यांच्या आड! पोलिसानं आभाळातून नजर काढली, हा सगळा देखावा बघितला आणि पावती पुस्तक खिशात घातलं. मी शेवटची, सर्वात मोठी, काळी, आईसाठी राखून ठेवलेली, घेऊन आईला शोधत गेलो. आई घोळक्याच्या पुढे, फुटपाथच्या कडेला उभी. निळ्या कॉश्च्युममध्ये. ओले केस पाठीवर. मी छत्री उघडून तिच्यापुढे धरली. तर तिनं ती हातानं बाजूला केली. "मला नको. समोरचं काही दिसत नाही त्यातून."

मी म्हटलं, आई, लोक बघतायत. म्हणाली, "बघू देत." मी म्हटलं, अगं आई, धर तरी... आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात मोकळे. मी म्हटलं, आई, काठी कुठाय?

आई म्हणाली, "आत राहिली."

पूलच्या दाराला बाहेरून पायऱ्या आहेत, चांगल्या उंच. मी पायऱ्यांकडे बघितलं, आईकडे बघितलं. मुख्याध्यापिका मागून छत्रीतून म्हणाल्या, "मी धरायला गेले होते. म्हणाल्या, व्हा पुढे, त्या पोराला धरा, ते घाबरलंय. आणि आपल्या आपण उतरल्या." कुणाचं तरी लहान पोर होतं, ते रडत होतं म्हणून आईचं सगळं लक्ष तिकडे. काठी विसरली, भीती विसरली, पायऱ्या उतरली, आणि मी आत टॉवेल शोधत होतो! मला बघायलाही मिळालं नाही! इतके दिवस ज्या गोष्टीसाठी मी ती लाज अंगावर चढवली... म्हणजे उतरवली... ती गोष्ट घडली आणि मी खुंट्या चाचपत होतो. मला रडू आलं. भर रस्त्यात, लोकांसमोर, मुठीएवढ्या चड्डीत, मी रडलो. रुमाल काढायला हात खाली नेला, तर खिसाच नाही.

आई म्हणाली, "रडतोस काय? दुकान उघडं टाकून आलास ना?" आणि निघाली. रस्ता ओलांडायला! त्या वेषात! पोलिसानं एक हात आडवा करून सगळी वाहनं थांबवली, डोळे मात्र आभाळात. आई हळूहळू, एकेक पाऊल टाकत, मध्येच थांबून त्याला म्हणाली, "बाळा, खाली बघ, नाहीतर ठेचकाळशील." आणि रस्ता ओलांडून, दुकानाची पायरी चढून, आपल्या खुर्चीत जाऊन बसली. पडल्यापासून पहिल्यांदा. मी कोपऱ्यातला माझा डगला तिच्या खांद्यावर टाकला, तो तिनं घेतला, पण तो थंडी वाजत होती म्हणून, हे मला बजावून सांगितलं. आणि बसमधली दोन माणसं उतरून दुकानात आली. म्हणाली, आजी, ती फुलांची छत्री कितीला? त्या वेषात तिनं दोन छत्र्या विकल्या!

आता तुम्ही म्हणाल, लोक बोलले असतील. बोलले हो! गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी नाक मुरडलं, कुणी आईकडे बघून नजर फिरवली, एका सज्जनानं मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्यासारख्या माणसानं आईला आवरायला नको का. मी म्हटलं, तुम्ही आवरून बघा, मी छत्री धरतो. नगरपालिकेत म्हणे चर्चा झाली. त्या पाटीवर आता खाली बारीक अक्षरांत एक ओळ आलीय, संकटाची वेळ वगळून. म्हणजे कायदा फार नाही सरकला, एक ओळ सरकला, पण सरकला. आणि तिसऱ्या दिवशी दुर्बीणकाकू वर आल्या. बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग भुवई खाली घेऊन, अगदी खाली घेऊन, आईला हळूच विचारलं, "तिथं... कंबरदुखीवाल्यांना घेतात का हो?" आई म्हणाली, "घेतात. पण कपडा घट्ट लागतो." काकू म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही, पण निळा नको. मला लाल शोभतो."

तर अशी परिस्थिती. रोज सकाळी दोघी जातात, एक निळी, एक लाल, वरून साधे झगे, झग्यांची बटणंसुद्धा नीट लावलेली नसतात. खुर्ची माळ्यावर गेली, कुलूपवाला मोकळा झाला. पूलवरून आई परस्पर दुकानात येते, ओले केस तसेच मोकळे सोडून खुर्चीत बसते, आणि मी छत्र्या दाखवतो. आता मलाही कधी कधी वाटतं, जरा सांगावं. अगं आई, केस तरी बांध. झग्याचं वरचं बटण तरी लाव. वयाचा, गल्लीचा, थोडा माझाही विचार कर. सांगतो तुम्हाला, रोज सकाळी ठरवतो, आज बोलायचंच, आणि हाका मारत मागे धावत सुटतो. माझं काही म्हणणं नाही, असं मी आजवर म्हणत आलो, पण खरं सांगायचं तर आहे हो, बरंच म्हणणं आहे... फक्त ते ऐकायला आई थांबायला नको का? मी धापा टाकत पहिल्या मजल्यावर पोचतो, तोवर ती रस्ता ओलांडून गेलेली असते.